हळदीचा कान

आदिलाबाद जिल्ह्यात खोटं बोलणारी माणसं पुष्कळ झाली, पण खोटं हाताने बनवून ते दुसऱ्याच्या अंगावर चिकटवणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आला. जावई म्हणून तोंडावर मी त्याला शेवटपर्यंत अहो-जाहो केलं. इथे करणार नाही. आता तो ऐकायला नाही, आणि असता तरी मी काय म्हणते याकडे त्याचं लक्ष नसतं. म्हणताना माझा ओठ कुठल्या बाजूला वळतो तेवढं तो पाहत बसला असता.

त्याचा धंदा काय हे समजायला मला दहा वर्षं लागली. सिनेमात हिरोच्या दंडाला कुऱ्हाड लागते, मांस उघडं पडतं. ते मांस हा बनवायचा. म्हाताऱ्याच्या गालाच्या सुरकुत्या, राक्षसाचं कपाळ, भाजलेली पाठ, तुटलेलं बोट, सगळं सिलिकॉनचं. सिलिकॉन म्हणजे दोन बाटल्यांतले दोन दाट द्रव. सारखे घेऊन कालवायचे, साच्यात ओतायचे, की तासा-दोन तासांत त्याचं लिबलिबीत कातडं होतं. गेला होता हैदराबादला सिनेमाच्या पाट्या रंगवायला. तिथे एका मेकअपवाल्याच्या हाताखाली लागला आणि पाट्या सोडून माणसं रंगवायला लागला. स्टुडिओतले तेलुगू लोक त्याला ‘देब्बल अन्ना’ म्हणायचे. देब्बा म्हणजे मार, जखम. माझी बहीण इकडे जैनथच्या बाजूला आमच्याच गावात, माझ्यापासून दोन घरं सोडून राहायची, आणि हा दोन महिने तिकडे, एक महिना इकडे, असा आरटीसीच्या बसने ये-जा करायचा. गावाला येताना लोक मिठाई आणतात. हा तुटलेले अवयव आणायचा. एकदा बहिणीने ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला तर वर अंगठा, नखासकट. तिची किंकाळी ऐकून मी धावत गेले. हा शांतपणे अंगठा झटकत म्हणाला, “सिलिकॉन चिकट असते आक्का, पिठात ठेवलं की बराबर राह्यते.” डबाभर पीठ बहिणीने कोंबड्यांना टाकलं, आणि त्या दिवसापासून जन्मभर ती भाकरीआधी पीठ दोनदा चाळायची.

माणसाकडे माणूस म्हणून पाहणं त्याला येतच नव्हतं. बसमध्ये समोर कोणी बसला की हा त्याच्या नाकाकडे, मानेकडे, हनुवटीखालच्या पिशवीकडे टक लावून पाहायचा. एकदा आदिलाबादच्या बसमध्ये एका धिप्पाड माणसाने याची कॉलर धरली, “क्या देख रा बे?” याने कॉलर धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि आनंदाने म्हणाला, “शिरा कसल्या भारी हैत जी तुमच्या.” त्या माणसाने घाबरून जागा बदलली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तर याने सोडलंच नाही. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप घ्यायला जी पावडर वापरतात ती पाण्यात कालवून तोंडभर थापायची, वर पलस्तर चढवायचं, श्वासासाठी नाकात दोन नळ्या, आणि “हलू नका जी, हलू नका.” गावच्या जुन्या पटेलांना त्याने असंच बसवलं. त्यांच्या मानेला कोंबड्यासारखी पडलेली लोळी होती, ती याला हवी होती. मानेला व्हॅसलीन चोपडलं, गालाला चोपडलं, मिशी विसरला. साचा निघाला तेव्हा अर्धी मिशी साच्यात होती. पटेल महिनाभर तोंडाला उपरणं गुंडाळून हिंडले. हा मात्र साचा उजेडात धरून म्हणत होता, “एकएक केस कसा आला पाहा!” मलाही त्याने एकदा बसवलं. माझ्या गळ्याच्या सुरकुत्या पुढे कुठल्या तरी तेलुगू सिनेमातल्या सासूला लागल्या म्हणे. मी तो सिनेमा पाहिला नाही. माझा गळा मला घरी दिसतो.

एका पावसाळ्यात याने स्वतःच्या पोटरीवर जखम चिकटवली, रक्ताचा रंग ओतला आणि लंगडत सरकारी दवाखान्यात गेला. नर्सबाईने तोंडावर पदर धरला. डॉक्टरने लांबूनच पाहिलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लिहून दिलं. याने ते घेतलं. कमरेला सुई टोचून घेऊन घरी आला, जखम सोलून ताटलीत ठेवली आणि ताटलीसमोर हसत बसून राहिला. मी म्हटलं, “खोट्या जखमेला खरी सुई काऊन टोचून घेतली?” तर म्हणे, “आक्का, डॉक्टराने टोचली म्हणजे काम पास झालं. तिथं खरं सांगतलं असतं तर सुई वाचली असती, पण काम गेलं असतं.” हे त्याचं जन्माचं तत्त्वज्ञान. काम ओळखू आलं की फसलं. त्याचा सिनेमा आदिलाबादच्या टॉकीजला लागला तेव्हा आमची अख्खी आळी त्याने नेली. हिरो पडला, छाती फाटली, डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर पुढे गाणं सुरू. बहिणीने विचारलं, “तुमचं काम कवा येते?” हा खुशीत म्हणाला, “येऊन गेलं.” परत येताना बसमध्ये तो एकटाच हसत होता. बाकी आम्ही तिकिटाच्या मानाने काय मिळालं याचा विचार करत होतो.

त्याचं एक बोलणं मात्र मी कधी विसरले नाही. माझे यजमान गेले तेव्हा घरात रडारड चाललेली, आणि हा प्रेताच्या उशाशी उकिडवा बसून पाहत होता. मला वाटलं, त्याला वाईट वाटलं असेल. जवळ गेले तर हळूच म्हणाला, “कानाची पाळी सगळ्यांत आधी पिवळी पडते आक्का. गालाले अजून रंग हाय पाहा.” मी त्याला दंडाला धरून अंगणाबाहेर काढला. तेरा दिवस तो माझ्या दारात आला नाही. चौदाव्या दिवशी आला, सरपण फोडून दिलं आणि गेला. त्याच्याकडून एवढीच माफी मिळायची.

त्याला एकच मुलगी, वनिता. जन्मली तेव्हा उजव्या कानाच्या जागी वाटाण्याएवढी गाठ. ऐकायला डावा कान चोख होता, पण बहीण बाळंतिणीच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून रडत होती. हा हैदराबादहून आला, पोरीला उजेडात नेलं, आधी ही बाजू पाहिली, मग ती बाजू पाहिली आणि म्हणाला, “डावा बराबर हाय. त्याचं माप भेटते.” बापाचं पहिलं बोलणं हे. पण आत्ताच करून उपयोग नाही, कान वाढतो, लहान पडेल, असं म्हणून तो थांबला. वर्षानुवर्षं थांबला. मला तर कधी कधी वाटतं, बाकीच्या सगळ्या जखमा आणि राक्षस हे त्याने नुसते हात बसावा म्हणून केले. पोरगी उजव्या बाजूने वेणी पुढे घेऊन हिंडायची, अभ्यासात हुशार, तोंडाने तिखट. शाळेत कोणी चिडवलं तर म्हणायची, “मले एका कानाने तुह्या दोन कानांपेक्षा जास्ती आयकू येते.”

ती इंटर, म्हणजे बारावी, पास झाली आणि हा कामाला बसला. पहिला कान चार महिन्यांनी झाला. सुंदर झाला. फक्त डावा झाला. डाव्या कानाचा साचा पाहून पाहून कोरला आणि डावाच कोरला! दोन्ही बाजूंना डावे कान लावलेली पोरगी मी पाहिली आहे. ती उभी असली तरी कुठे तरी वळायला निघाल्यासारखी दिसते. तो कान त्याने चुलीत टाकला, तर नीट जळेना. मग डाव्या कानाशेजारी आरसा धरून, आरशात पाहून मेणात उजवा कोरायला लागला. पोरीला तासन्‌तास बसवायचा. कातडीच्या आत रक्त असल्यासारखं दिसलं पाहिजे म्हणून बहिणीची लग्नातली लाल शाल काढली, तिचे धागे कात्रीने कातरून त्याची भुकटी केली आणि सिलिकॉनमध्ये कालवली. बहिणीला कळलं तेव्हा शालीचा एक हातभर तुकडा उरला होता. “माही लग्नाची शाल!” म्हणून तिने कपाळ बडवलं. हा म्हणाला, “पोरीच्या अंगात गेली. वाया नाई गेली.”

कान झाला. मग कानाला भोक हवं. डाव्या कानाला होतं, लहानपणी टोचलेलं. कोणीही सुईने भोक पाडलं असतं, पण याचं म्हणणं, सोनाराने टोचलेलं भोक वेगळं, आणि दोन्ही कान एकाच हातचे पाहिजेत. कान रुमालात बांधून आदिलाबादला त्याच म्हाताऱ्या सोनाराकडे गेला. सोनार तार घेऊन तयार झाला आणि म्हणाला, “पोरगी कुठं हाय?” हा म्हणाला, “पोरगी घरी हाय. कान आणला.” सोनार एवढा दचकला की भोक केसभर खाली गेलं. याला तेच आवडलं. खरे कान कुठे सारखे असतात! संध्याकाळी बहिणीने रीत म्हणून वनिताच्या तोंडात गुळाचा खडा घातला, आणि वनिता हसता हसता रडली. मग हळूच मला विचारलं, “मावशी, हा कान मले पाह्यजे होता का बाबाले?” मी म्हटलं, “तुझ्या बाबाला.” तिने मान हलवली आणि आरशात पाहत राहिली. पण बराच वेळ पाहत राहिली, हेही खरं.

सकाळी मेकअपच्या डिंकाने लावायचा, झोपताना काढून डबीत ठेवायचा. मी शेजारी बसून भाजी निवडली तरी मला ओळखू यायचा नाही, आणि मला तर माहीत होतं. अशात पैनगंगेपलीकडचं एक स्थळ सांगून आलं. घरदार बरं, मुलगा पंचायत समितीत कारकून. मी जावयाला सांगितलं, “आधी सांगून टाका. एक कान नाही म्हणून कोणी मरत नाही. नंतर कळलं तर जाचेल.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी दवाखान्यात जाऊन त्याची चुगली करायला निघाले आहे. “ज्याले दिसतच नाई आक्का, त्याले सांगू काय? तुमी म्हणता काम ओळखू आलं नाई, आन् तुमीच म्हणता ओळख करून द्या.”

पाहायला आले. मुलाची आई बारीक नजरेची. पोरीला चालायला लावलं, वाचायला लावलं, दात पाहिले, केस पाहिले. मग जवळ बसवून घेतलं, उजव्या कानातली फुली दोन बोटांत धरली, पाळीसकट, आणि म्हणाली, “टॉप चांगले हायेत वं. कोणाच्या हातचे?” दाराआड याने माझं मनगट असं आवळलं की त्याच्या बोटांचे वळ उमटले. आत वनिताने सांगितलं, “आदिलाबादचे हायेत.” बाईने कान सोडला. सोयरीक पक्की झाली. त्या दिवशी हा परसात जाऊन एकटाच टाळ्या वाजवत होता. आयुष्यात हैदराबादच्या कुठल्याही सिनेमाने त्याला तेवढं दिलं नाही. मीही गप्प बसले. बोलू नको म्हणून बहिणीने माझे हात धरले होते, पण तोंड मोकळं होतं. ते मी उघडलं नाही. हे मी स्वतःच्या नावावर लिहून ठेवते.

आणि मग हळद आली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी. हळकुंडं मीच निर्मळच्या बाजारातून निवडून आणली होती, मोडली की आत केशरी दिसणारी, आणि बायकांनी ती घरच्या उखळात कुटलेली. नदीपलीकडून नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन त्याच्या बहिणी आलेल्या. गाणी चाललेली, पोरीला पाटावर बसवलेली. मी विधवा, मी लांब ओट्यावर. बायका हळद लावत होत्या आणि वनिता शिकवल्याप्रमाणे मान अशी धरत होती की उजवा कान वाचत होता. आणि हा समोर उभा राहून पाहत होता. पाहता पाहता त्याच्या कपाळाला आठी पडली. मी ती आठी ओळखत होते. काम कुठे फसतंय हे दिसलं की पडायची. सगळी पोरगी पिवळी आणि उजवा कान तेवढा कोरा! त्या बहिणींनी विचारलं तर? तो पुढे झाला, वाटीत चार बोटं बुडवली आणि त्या कानाला, वरून, मागून, पाळीला, आतल्या वळणांना, अशी रगडून हळद लावली की बायका कौतुकाने म्हणाल्या, “बापाले पोरीची माया पाहा.” पाणी लागलं तर काय, साबण लागला तर काय, घाम आला तर काय, सगळं त्याने वर्षभर तपासलं होतं. हळद तपासली नव्हती. ती या देशात प्रत्येक नवरीला लागते, आणि या एका माणसाला ती आठवली नव्हती.

वनिता न्हाऊन आली. अंग स्वच्छ, तोंड स्वच्छ, डावा कान स्वच्छ. उजवा कान झेंडूच्या फुलासारखा. सिलिकॉन हळद पिऊन बसलं होतं. घराच्या मागच्या खोलीत त्याने तो कान काढून घेतला आणि घासायला बसला. साबण झाला. रॉकेल झालं. कपडे धुण्याचा सोडा लावला तर कान कुंकवासारखा लालभडक झाला. बहिणीने तोंडात पदर कोंबला. लिंबू पिळलं तर लाल गेला आणि पिवळा परत आला, पहिल्यापेक्षा ताजा. वरून रंग लावावा तर सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय काही टिकत नाही, आणि बाटल्या हैदराबादला. दुसरा कान करून ठेवला नव्हता. का नाही, विचारलं, तर म्हणाला, “दुसरा हाय म्हटलं की पह्यला नीट होत नाई.” शेवटी म्हणाला, उन्हात ठेवला तर हळद उडते, आठ-पंधरा दिवस लागतात. लग्न उद्या दुपारी होतं. मांडवात जेवणं चालली होती, लाऊडस्पीकर वाजत होता, आणि हा माणूस परसातल्या दगडावर कान वाळत घालून त्याच्याकडे पाहत बसला होता, जसा काही तो पापड होता. मी म्हटलं, “जावाई, अजून वेळ आहे. माणूस पाठवा, सांगा.” “उद्यापर्यंत जरासा उतरन जी,” तो म्हणाला. त्याच्याकडे पाहून मला पहिल्यांदा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

कान उतरला नाही. सकाळी वनिताने तो बापाच्या हातातून घेतला, डबीत ठेवला आणि म्हणाली, “राहू द्या बाबा.” मुंडावळ्या, गजरे, वरून पदर घट्ट, अशी ती लग्नाला उभी राहिली. लग्न लागलं. जीप नदीपलीकडे गेली. चौथ्या दिवशी तीच जीप परत आली. आत सासू, सासरा, मुलगा आणि वनिता.

मुलगा उतरलाच नाही. जीपच्या दाराचा रंग नखाने खरवडत बसला. सासरा ओट्यावर बसला. ओरडला नाही, एवढं सांगते. म्हणाला, “एक कान नाई, हे कोणाले खुपते? माह्या सख्ख्या भावाले एक डोळा नाई, त्याले चार लेकरं हायेत. तुमी सांगतलं असतं तर आमी हसत नेली असती. पण तुमी आमाले बनावट दाखवलं. आमी काय सिनेमा पाहाले आलतो?” बहीण त्याच्या पायाशी बसली. मी म्हटलं, चूक झाली, पदरात घ्या. सासरा खाली पाहत होता. माणूस वाईट नव्हता. जावयाकडून एक शब्द ऐकायला तो आला होता, हे मला दिसत होतं, बहिणीला दिसत होतं, दाराशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या वनितालाही दिसत होतं. नुसतं “चुकलो” म्हणायचं होतं. जावई पुढे झाला, हात जोडले. मी मनात म्हटलं, आला एकदाचा माणसात. आणि तो सासूकडे वळून म्हणाला, “तुमी पाह्याले आल्ता तवा कानाले हात लावला होता जी. तवा समजलं होतं का?”

खरं तेच त्या बाईच्या तोंडून गेलं, “नाई.” आणि याच्या तोंडावर, तेवढ्या वेळापुरतं, धनुर्वाताची सुई घेऊन आला होता त्या दिवसाचं हसू आलं. सासऱ्याने ते पाहिलं. तो उठला, टोपी झटकली, आणि बायकोला म्हणाला, “चाल.” जीप गेली. वनिता दारातच राहिली. बापाजवळ येऊन म्हणाली, “उत्तर भेटलं ना बाबा?” पुढे दोन वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही.

त्या घरातल्या दोन वर्षांचं मी काही लिहीत नाही. तिघांची जेवणं तीन वेळांना व्हायची, एवढ्यात काय ते समजा. स्टुडिओतून निरोप यायचे, हा जायचा नाही. दोन्ही बाटल्या आणवल्या असत्या तर दुसरा कान झाला असता, आणवल्या नाहीत. बसमध्ये बसला तरी कोणाच्या नाकाकडे पाहायचा नाही, खिडकीबाहेर पाहायचा. गावाला वाटलं, माणूस सुधारला. मला तो मेल्यासारखा वाटायचा. वनिताने शिक्षिकेचा कोर्स, टीटीसी, केला, मराठी शाळेत बाई म्हणून लागली. ज्या दिवशी नोकरीचा कागद आला त्या दिवशी तिने बापाला सांगितलं, “बाबा, लागली.” तो म्हणाला, “बरं झालं.” दोन वर्षांनंतरचं बोलणं ते एवढंच, पण त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला असं बहीण सांगायची. त्यानंतर वर्षभरात त्याच्या छातीत दुखलं आणि आदिलाबादच्या दवाखान्यापर्यंत पोहोचायच्या आत तो गेला. त्याला ओट्यावर ठेवला होता. सगळे रडत होते. मी उशाशी बसले आणि पाहिलं. कानाची पाळी आधी पिवळी पडली. गालाला अजून रंग होता. खोटं बनवणारा माणूस, पण हे खरं बोलला होता.

त्याच्या सामानात ती डबी निघाली. लाल शालीच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळलेला कान, तसाच पिवळा. बहीण म्हणाली, नदीत टाका. वनिताने डबी आपल्या पिशवीत ठेवली. पुढे तिला चष्मा लागला. वह्या तपासून तपासून डोळे अधू झाले. आणि चष्म्याला दोन कान लागतात, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. उजवी दांडी टिकेना. दोरा बांधून पाहिला, रिबन बांधून पाहिली, फळ्याकडे वळली की चष्मा नाकावरून खाली. एका रविवारी माझ्याकडे आली तर चष्मा ताठ बसलेला. तिने तो पिवळा कान चष्म्याच्या दांडीलाच पक्का बसवून घेतला होता, डिंकाने जागेवर लावला होता आणि वेणी मागे टाकली होती. “शाळेत अशीच जाते?” मी विचारलं. “जाते. पोट्टे पह्यल्या दिवशी पाहून राह्यले होते. म्या सांगतलं, हा बाबाचा हाय. आता कोणी पाहत नाई.”

दर रविवारी ती येते. आल्या आल्या चष्मा काढून माझ्या खिडकीत ठेवते, कानासकट, आणि आत चहा ठेवायला जाते. त्या खिडकीत ऊन येतं. हळद उडते आहे. पहिल्यांदा झेंडू होता, आता पिकल्या पेरूसारखा आहे, आणखी काही वर्षांनी तिच्या अंगाच्या रंगाचा होईल. मग तो कोणाला ओळखू येणार नाही. मागच्या रविवारी ती आत कपबशा धूत होती तेव्हा मी खिडकीशी गेले. आतली वळणं पाहिली, केसभर खाली गेलेलं भोक पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्याला हे कधी बोलले नव्हते. तोंड जवळ नेलं आणि हळू सांगितलं, “कान चांगला झाला होता, जावाई. तेवढी हळद चुकली.”